चाळीस पत्ते आणि एक कौल

म्हाताऱ्या पायांना जमेल अशी रेंजची एकच जागा आमच्या वाडीत आहे, आणि ती माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात आहे. अंगणाच्या खालच्या कडेला फणस आहे. त्याच्या बुंध्याला टेकून, खिंडीकडे तोंड करून बसलं की फोनवर दोन काड्या दिसतात. हातभर मागे सरकलं की गेल्या. दुसरी जागा वर टेकाडावर आहे, तरणी माणसं तिकडे जातात. माझे गुडघे तिकडे जात नाहीत. भाऊ असता तर मी फणसाखालीही बसलो नसतो. तो दोन वर्षांपूर्वी गेला.

फोन माझ्या बेळगावच्या मुलीनं दिला. तिला वाटलं बाबा बातम्या बघतील. मी त्यात पत्त्यांचा एक डाव शोधला. एकट्यानं खेळायचा डाव, फोनच पत्ते पिसतो, फोनच मांडतो, पण रेंज असेल तरच उघडतो. दुपारचं जेवण झालं की मी बांध ओलांडून फणसाखाली येऊन बसायचो. वहिनी पडवीत सूप घेऊन बसलेली असायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "भावजी, कुणाचा फोन येनार हाय?"

"कुणाचा न्हाई, वयनी. पत्ते खेळतोय."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

ती सूप खाली ठेवून आली, आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग म्हणाली, "ह्यो त्यांचाच डाव हाय की वो."

त्याचाच होता. मला तोच हवा होता.

डाव असा. दोन कॅट एकत्र पिसायचे. दहा रकाने, प्रत्येक रकान्यात चार पत्ते, सगळे उघडे. हातात चौसष्ट उरतात. ते एकेक करून उलटायचे, आणि एकदा सगळे उलटून झाले की परत नाही. रकान्यात पत्त्यावर पत्ता लावायचा तो एकाच रंगाचा आणि उतरता, इस्पिकच्या नव्वीवर इस्पिकची अठ्ठीच, दुसरी कुठली चालत नाही. एका वेळी एकच पत्ता हलतो. आठ एक्के वर काढायचे आणि त्यांच्यावर दुर्री, तिर्री असं चढत राजापर्यंत न्यायचं. आठही राजे वर बसले की डाव सुटला. ऐकायला सोपा आहे. चाळीस पत्ते तोंड उघडून समोर पडलेले असतात, काही लपलेलं नसतं, आणि तरी माणूस अडकतो. एक्का खाली दिसत असतो आणि त्याच्या डोक्यावर तीन पत्ते असतात ज्यांना जायला कुठेच जागा नसते.

भाऊ हा डाव गणेशगुडीला शिकला. तिथे धरणाचं काम चालू असताना तो एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. साहेब जेवणानंतर हा डाव मांडायचा. गावी परत आल्यावर कित्येक वर्षं भावाला तो आठवलाही नसेल, कारण गावात खेळायला माणसं होती. आम्ही देवळाच्या मंडपात मेंढीकोट खेळायचो, चौघं. मी आणि भाऊ नेहमीचे भिडू. तो नुसतं नाक खाजवायचा आणि मला कळायचं की हुकुमाचा एक्का त्याच्याकडे आहे. समोरचे ओरडायचे, "ह्या दोगांस्नी एका बाजूला बसवू नगा रे, एका आईचं दूध प्यालेत!"

मग तो एकटा खेळू लागला, आणि ते माझ्यामुळे झालं. अडतीस वर्षं झाली. आता जसं घडलं तसं सांगतो, कारण तोंडी सांगून पाहिलं आणि ते कुणी घेतलं नाही.

आमच्या देवळाचं छप्पर कुजलं होतं. गावानं बैठक घेतली आणि ठरवलं की वाशांसाठी जंगलातून दोन झाडं काढायची, परवानगीशिवाय. भाऊ बैठकीत आडवा आला. तो म्हणाला, वरच्या उतारावरची झाडं काढाल तर खालच्या शेतात दगड येतील, दुसरी बघा. त्याचं कुणी ऐकलं नाही. झाडं पडली, तुकडे केले, आणि गाडी मिळेपर्यंत ओहळाच्या वरच्या अंगाला पाल्याखाली झाकून ठेवले.

मी त्या वेळी जंगल खात्यात वॉचरच्या जागेसाठी खेटे घालत होतो. छत्तीस वर्षांचा होतो, दोन मुलं होती, भात चार महिने पुरायचं. एका सकाळी कुंभारवाड्याच्या हॉटेलात गार्ड चहा पीत होता. त्यानं मला बाकड्यावर जागा दिली. तो म्हणाला, जोयड्याच्या ऑफिसातून नावं मागवलीत, तुझं घालू की नको ते अजून ठरवलं नाही. मग म्हणाला, तुमच्याकडे सगळं ठीक ना? मी चहा संपवला. मला कुणी दमदाटी केली नव्हती, कुणी पैसे दिले नव्हते. मी जे बोललो ते शब्द मला अजून पाठ आहेत. मी म्हणालो, "ओहळाच्या वरच्या अंगाला औंदा पाला जरा जास्तच पडलाय."

एवढंच. गार्डनं मान हलवली आणि चहा सांगितला, दुसरा.

दोन दिवसांनी जीप आली. पण त्याआधी सकाळी गार्ड पायी आला होता, आणि वाटेत भावाच्या पडवीत पाणी प्यायला बसला होता. पाणी कुणाकडे मागितलं तरी आमच्यात नाही म्हणत नाहीत. भावानं त्याला गूळ-पाणी दिलं. ते चार जणांनी बघितलं. तुकडे जप्त झाले, तिघांना नेलं, आणि त्या तिघांनी पुढे कितीतरी वर्षं तारखांना चकरा मारल्या. गावाला दुसरं काही शोधावं लागलं नाही. बैठकीत आडवा कोण आला होता? गार्डला गूळ कुणी दिला?

तरी माणसाच्या बोलण्यावर कुणाला दोषी धरायची आमच्याकडे पद्धत नाही. देवाला विचारतात. गुरव देवाच्या दगडावर दोन्ही खांद्यांना ओल्या फुलकळ्या चिकटवतो आणि सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. शेताच्या बांधापासून मुलीच्या स्थळापर्यंत आमच्याकडे सगळं कौलानं ठरत आलं आहे, आणि कौल पडल्यावर कुणी तोंड उघडत नाही.

सगळा गाव मंडपात उभा होता. गुरवानं विचारलं, "ह्या घरच्या थोरल्यानं गावाचं गुपित बाहेर नेलं असंल तर उजवा दे."

मी खांबाजवळ होतो. तेवढ्या माणसांत डावी कळी पडली पाहिजे हे पक्कं ठाऊक असलेला मी एकटा होतो. मी मनात देवाला म्हणत होतो, डावी पाड. डावी पडली असती तर पुढचं नाव कदाचित माझं आलं असतं, हेही मला कळत होतं. म्हणजे मी काय मागत होतो ते आता मला नीट सांगता येत नाही.

उजवी पडली.

भाऊ म्हणाला, "देवानं सांगितलं, आता मी काय सांगू?" आणि चप्पल घालून निघाला. मी बोललो नाही. त्या क्षणी बोललो असतो तर भाऊ सुटला असता, पण देव खोटा पडला असता असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

त्या वर्षी भावाच्या रोपणीला कुणी गेलं नाही. आमच्याकडे एकमेकांच्या शेतात हात दिल्याशिवाय रोपणी होत नाही. त्यानं आणि वहिनीनं दोघांनीच केली, अर्धं शेत पडीक राहिलं. मंडपातल्या खेळात त्याची जागा दुसऱ्याला गेली आणि मला दुसरा भिडू मिळाला. आणि नव्याच्या दिवशी, नवं भात देवाला दाखवतात त्या दिवशी, कणसांची पहिली जुडी आणण्याचा मान आमच्या घराण्यात थोरल्याचा होता, तो काढून माझ्याकडे आला. अकरा महिन्यांनी वॉचरची नोकरीही आली. अकरा महिन्यांत लोक विसरतात. जप्तीचा आणि नोकरीचा संबंध कुणी लावला नाही.

माझ्या खळ्यातून भावाची पडवी सरळ दिसते. मध्ये एक शेत आणि एक बांध. त्यानं रामनगरच्या बाजारातून दोन कॅट आणले आणि दुपारी पडवीत तो साहेबाचा डाव मांडू लागला. सुरुवातीला मला वाटलं, चार दिवसांचं आहे. तो छत्तीस वर्षं मांडत होता. एकदा, कौलाला पाच-सहा वर्षं झाल्यावर, मी बांधावर गवत कापत होतो तेव्हा त्यानं पडवीतून हाक मारली, "येतोस काय रे? दोघांचा मांडू कायतरी." रस्त्यावर दोन बाया चालल्या होत्या. मी म्हणालो, "गवत हाय हितं." तो हसला आणि पत्ते पिसायला लागला.

तो गेला तेव्हा खांदा द्यायला मी, त्याचा जावई आणि जावयाबरोबर रामनगरहून आलेले दोघे, असे चौघेच होतो.

त्यानंतर मी ठरवलं की वहिनी असेपर्यंत सगळ्यांना सांगायचं आणि भावाचं नाव धुऊन टाकायचं. पहिल्यांदा वहिनीलाच. ठरवलं, आणि दोन महिने गेलो नाही. मग फोन हातात आला, फोनमध्ये डाव सापडला, आणि मी एक मूर्खपणा केला. मी त्या डावाला कौल लावला. म्हटलं, ज्या दिवशी हा एकदा सुटेल त्या दिवशी वहिनीला सांगायचं. देवळातल्या देवावर माझा विश्वास उरला नव्हता, पण विचारल्याशिवाय पाऊल टाकायची सवयही गेली नव्हती.

पहिले दोन-तीन महिने तर मी डाव सुरू होताच अडकायचो. दिसला पत्ता की लावायचा, असं माझं चालायचं. वहिनीला ते बघवत नसे. ती सूप घेऊन फणसाखालीच येऊन बसू लागली.

"थांबा की वो भावजी. कुनी मागं लागलंय का?"

"लागतोय म्हणून लावला."

"लागतोय म्हनून? मग समदेच लावा आनि घरला जावा." एकदा एक रकाना मोकळा झाला आणि मी लगेच त्यात पत्ता टाकायला गेलो, तर तिनं माझं बोट धरलं. "मोकळा रकाना म्हंजे घरातला रिकामा कोनाडा. हाताला येईल ते त्यात कोंबलं की मग वक्ताला जागा मिळत न्हाई. ते तासतासभर तसाच ठेवायचे."

भाऊ पत्त्यांकडे बघत बसायचा आणि ती तांदूळ निवडत त्याच्याकडे बघत बसायची, त्यामुळे न खेळताही तिला सगळं येत होतं. एकासारखे दोन पत्ते असतात, त्यातला कुठला उचलायचा हे त्याच्या खाली काय दडलंय ते बघून ठरवायचं. एक्का ज्याच्या खाली आहे त्या रकान्यावर काही चढवायचं नाही. हातातला पत्ता उलटण्याआधी मांडलेल्या चाळिसांत काही राहिलं नाही ना ते दोनदा बघायचं. हे सगळं मला तिनं शिकवलं. "तुमच्या भावाची एक किलवरची सत्ती हरवली व्हती," ती सांगायची, "कॅलेंडरचा पुट्टा कापून त्याच्यावर पेनानं काढली. पिसताना कळायची, जाड लागायची. म्हनायचे, ही माझ्यासारखी, कुठं बी लपत न्हाई."

मी हसलो नाही. ती हसली.

पावसाळा संपताना एक डाव सुटला. पण फोनमध्ये मागे नेणारा एक बाण असतो. तो दाबला की ठेवलेला पत्ता परत येतो. मी तो बाण दाबून दाबून, पुढे जाऊन मागे येऊन, डाव सोडवला होता. पडद्यावर आठ राजे बसले आणि फटाके उडाले. वहिनीनं सूप पाखडणं थांबवलं नाही.

"ह्यो धरायचा न्हाई," ती म्हणाली. "ते मागं न्हेत नव्हते. पत्ता ठेवला की ठेवला."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच धरायचा नाही, मी म्हटलं, आणि कौलाला तशी अट जोडली: बाण न दाबता. आणखी कितीतरी महिने मिळाले.

बाण न दाबता डाव सुटणं फार कठीण आहे. हिवाळा गेला, फणसाला कोवळ्या कुयऱ्या धरल्या, वाळून पडल्या, दुसरा पावसाळा आला. पावसाळ्यात मी इरल्याखाली फोन धरून बसायचो आणि वहिनी पडवीतून ओरडायची, "म्हातारपनी खूळ लागलं तुमास्नी!" पण संध्याकाळी विचारायची, किती राजे वर गेले? तीन. पाच. एकदा सहा. सहा राजे वर जाऊन सातव्याची तिर्री अडकली. मी चांगला खेळू लागलो होतो. आणि डाव खुलू लागला की मी पत्ते हलवायला उगाच वेळ लावायचो.

गेल्या भाद्रपदात एका दुपारी पत्ते फार चांगले पडले. पाच एक्के लवकर निघाले, दोन रकाने मोकळे झाले. हातातली इस्पिकची अठ्ठी उलटली. मी ती मोकळ्या रकान्यात ठेवली.

वहिनी माझ्या शेजारी होती. "भावजी," ती म्हणाली.

"काय?"

"इस्पिकची नव्वी ती काय उघडी पडलीया. आनि तुमी अठ्ठी कोनाड्यात घातलासा."

"दिसली न्हाई."

"मला हितनं दिसती. माझा एक डोळा मोतीबिंदूचा हाय." ती माझ्याकडे बघत होती, फोनकडे नाही. "परवा बी तुमी असंच केलासा. त्याच्या आदी बी. मी म्हटलं चुकत असतील. मुद्दाम हरतासा व्हय?"

मी पडद्यावरचा अंगठा काढला. मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि दोघांच्या मध्ये धरला. तिला वाचता येत नाही, पण पत्ते येतात. डाव अजून मेला नव्हता. तिनं सांगितलं आणि मी हलवलं: ही हिकडे, थांबा, आता किलवरची राणी, न्हाई ती न्हाई, दुसरी, जिच्या खाली दुर्री हाय ती. एकदाही बाण दाबला नाही. तासभर लागला असेल. शेवटी शेवटी पत्ते आपोआप वर जाऊ लागले आणि आठवा राजा बसला.

"असा सुटला की मला हाक मारायचे," वहिनी म्हणाली. "चुलीम्होरनं उठून यावं लागायचं. म्हनायचे, बग, खोटं काय बी केलं न्हाई."

मी तेव्हाच सांगितलं. हॉटेल, गार्ड, चहा, पाला. मी जे शब्द बोललो होतो ते तसेच सांगितले. मी जमिनीकडे बघून बोलत होतो. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला शिव्या देईल, आणि दोन्हींची माझी तयारी होती. मनात असंही होतं की तिला आधीपासून ठाऊक असेल, निदान आपला नवरा निर्दोष आहे एवढं तरी. बायकोला ठाऊक असतं, असं मी धरून चाललो होतो.

तिनं विचारलं, "म्हंजे त्यांनी केलं नव्हतं?"

मी वर बघितलं.

"त्यांनी नव्हतं केलं?" तिनं पुन्हा विचारलं. "मी देवाचंच खरं मानलं वो. उजवी पडल्याली मी ह्या डोळ्यांनी बगितली. अडतीस वर्सं मी म्हटलं, असंल, चुकलं असंल, मानूस हाय. त्यांस्नी कदी बोलून दाखवलं न्हाई. भाकरी वाढली, सगळं केलं. एकदा त्यांनीच इचारलं मला, तुला काय वाटतं गं? मी म्हटलं, देवाचा कौल हाय, मला काय वाटायचं हाय. त्याच्यावर परत कदी इचारलं न्हाई त्यांनी."

ती उठली, सूप उचललं, परत खाली ठेवलं. निवडलेले तांदूळ आणि खडे एकत्र झाले.

"माफ केलं म्हनून समजत व्हते मी त्यांस्नी," ती म्हणाली. "काय केलं नव्हतं त्यांनी."

मी म्हणालो, वहिनी, मी देवळात सांगतो. बैठकीत, सगळ्यांसमोर. नव्याच्या आत सांगतो. पहिली जुडी तुमच्या शेतातून जाईल. ती पडवीत गेली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आमच्याकडे दिवसाची दारं लावत नाहीत.

नव्याच्या आधीची बैठक आठ दिवसांनी झाली. जुनी माणसं तीनच उरलीत. जप्तीच्या वेळी नेलेल्यांपैकी एक अजून आहे, त्याला ऐकू येत नाही. बुधवंत, म्हणजे ज्यांच्या शब्दावर आमची बैठक बसते आणि उठते, ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. गुरव तर त्या गुरवाचा नातू. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मी जप्तीत नेलेल्या त्या तिघांची नावं घेतली, त्यांच्या तारखा-चकरांबद्दल माफी मागितली. भावाचं नाव घेतलं, जे त्या मंडपात अडतीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

मग बुधवंत पुढे आले आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

"अज्जा, बसा. धाप लागली तुमास्नी."

"मी खरं सांगतोय."

"व्हय, व्हय." ते सगळ्यांकडे वळले. "बगा रे. भाऊ म्हनावा तर असा. त्यो मेला, तरी ह्यो त्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायला तयार हाय. आता अशी मानसं ऱ्हायली न्हाईत."

काही जणांनी माना हलवल्या. एका बाईनं डोळे पुसले. मी पुन्हा उभा राहिलो. म्हणालो, मला वॉचरची नोकरी कशी लागली ते तरी विचारा. मागून कुणीतरी म्हणालं, "नशिबानं लागली, अज्जा. आमची न्हाई लागली." लोक हसले, पण प्रेमानं. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि त्यापुढे मला काही करता येत नव्हतं.

मी गुरवाला म्हणालो, "कौल लाव. माझं नाव घेऊन लाव. आत्ता, सगळ्यांसमोर."

तो पोरगा चांगला आहे, जोयड्याला कॉलेज शिकलेला. त्यानं मान खाली घातली. "अज्जा, एकदा घेतलेला कौल परत घेत न्हाईत. माझ्या आज्यानं लावलेला हाय त्यो. तुमी म्हनता तसं असलं तर उजवी खोटी पडली म्हनायची? मग आमच्या घरानं आजवर लावलेले समदे? कुनाकुनाचे बांध, कुनाकुनाची लग्नं?" त्यानं देवाच्या दगडाकडे बघितलं. "असं बोलू नगासा."

बुधवंत म्हणाले, "झालं, इषय संपला. पहिली जुडी दरवर्सीसारखी अज्जांच्या शेतातली."

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी फणसाखाली गेलो, वहिनीला काय झालं ते सांगायला. तिला आधीच कळलं होतं. ती पडवीच्या कडेला उभी होती.

"तुमास्नी थोर म्हटले म्हनं."

"वयनी, मी काय करू सांगा."

"हितं बसत जाऊ नगासा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रेंज पायजे तर टेकाडावर जावा."

नव्याच्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. मला वाटलं जुडी राहील. सकाळी गावातली मुलं आली, माझ्या शेतातल्या वरच्या कुणग्यातून कणसं कापली, हळद-कुंकू लावलं आणि ढोल वाजवत घेऊन गेली. जाताना माझ्या पायाही पडली.

आता फोन माझ्या घरी कपाटावर पडून आहे. घरी डाव उघडत नाही, गोल फिरत राहतो. हे मी वहीत लिहिलं आहे. पहिल्या पानावर भावाचं नाव आहे आणि त्यापुढे, यानं केलं नव्हतं, मी केलं, असं आहे. इथं छापायला देताना ते खोडून टाकलंय, कारण कुणाचं नाव छापायचं नाही असं मुलीनं बजावलं आहे. म्हणजे तेही झालं नाही.

दुपारी मी खळ्यात बसतो. बांधापलीकडे पडवी दिसते. वहिनी भावाचे दोन कॅट घेऊन बसते. चाळीस पत्ते मांडायला तिला वेळ लागतो, बोटं वाकली आहेत. मांडून झाले की ती नुसती बघत राहते. हलवताना मी तिला फारसं पाहिलेलं नाही. परवा मात्र बराच वेळ तिचा हात चालू होता, पत्त्यांच्या आठ गड्ड्या होत गेल्या, आणि शेवटी ती उठून उभी राहिली. तोंड आतल्या घराकडे होतं. चुलीशी कुणी नव्हतं. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसून तिनं सगळे पत्ते गोळा केले.

माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मी दिसेन असा बसलो होतो.